व्हिडिओ गेमचें परीक्षण : टीका कीं गुणदान?

हस्तचापल्याचे ॲक्शन खेळ आणि डावपेंचांचे स्ट्रॅटेजी खेळ यांच्यावर आज विपुल परीक्षणात्मक लेखन होत असतें. हें चिन्ह शुभच होय. कारण टीकेवांचून कोणतीहि कला प्रौढ होत नाहीं. तथापि परीक्षणाच्या अखेरीस दहांपैकीं किंवा शंभरांपैकीं गुण देण्याची जी प्रथा रूढ झाली आहे, तिनें टीकेच्या मूळ हेतूलाच बाध येतो, असें आमचें मत आहे. गुणदान हें आमच्या पेशाचें नित्यकर्म असल्यामुळें त्याच्या मर्यादा आम्ही चांगल्या जाणतों.

निरनिराळ्या परीक्षणांतील गुणांची सरासरी काढून देणारें मेटाक्रिटिक हें संकेतस्थळ २००१ सालीं सुरू झालें. त्या सरासरीला पुढें केवढें वजन आलें, याचें एक उदाहरण पुरेसें आहे. २०१० सालीं निघालेल्या 'फॉलआउट: न्यू व्हेगस' या खेळाच्या एका रचनाकारानें २०१२ सालीं सांगितलें कीं, सरासरी ८५ झाली तरच रचनाकारांच्या संस्थेस अधिक मोबदला मिळावयाचा होता. सरासरी ८४ भरली! कोणीं कशाची स्तुति केली आणि कोणीं कशास दोष दिला, हें सारें त्या एका उण्या गुणांत बुडून गेलें.

आंकडा दिसतो नेमका; पण तो कशाचा, हें तो सांगत नाहीं. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं बाहेर पडला. टीकाकारांच्या हातीं आधीं पडली होती ती केवळ संगणकावरील आवृत्ति, आणि तिची त्यांनीं मुक्तकंठानें स्तुति केली. त्या स्तुतीवर विसंबून ज्यांनीं जुन्या प्लेस्टेशनसाठीं खेळ घेतला, त्यांच्या पदरीं अडखळणारा, मधेंच बंद पडणारा खेळ आला. त्याच महिन्यांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्यें. पुढें २०२३ सालच्या दुरुस्त्यांनीं त्याचें रूप पुष्कळ पालटलें. परीक्षिलेली वस्तु एक, विकलेली दुसरी आणि आजची तिसरी. मग पहिल्या दिवसाचा आंकडा यांपैकीं कोणाचा?

डावपेंचांच्या खेळांत ही उणीव अधिकच जाणवते, कारण तेथें इतिहासाविषयींचा एक सिद्धांतच मांडलेला असतो. १९९१ पासून चालत आलेल्या 'सिव्हिलायझेशन' मालिकेचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्यें निघाला. त्यांत इतिहासाचीं तीन युगें कल्पिलीं असून खेळ निघाला त्या वेळीं युग पालटतांच खेळणाऱ्यास नवें राष्ट्र स्वीकारावें लागे. कित्येकांस यामुळें खेळाच्या उत्तरार्धाचा कंटाळा टळला असें वाटलें. कित्येकांस आपण उभारलेल्या राज्याचा धागाच तुटला असें वाटलें. हा वाद खरा वाङ्मयीन तोलाचा आहे. त्याची सरासरी काढणें म्हणजे तो मिटविणें नव्हे, झांकणें होय.

याच मालिकेच्या सहाव्या भागांत २०१८ सालीं कॅनडांतील क्री समाजाचे पाउंडमेकर यांस राष्ट्रनायकाचें स्थान देण्यांत आलें, तेव्हां त्याच समाजांतील एका प्रमुखानें आक्षेप घेतला : प्रदेश जिंकून इतरांवर सत्ता गाजविणें ही आमच्या लोकांची जीवनदृष्टि कधींच नव्हती. हा गृहस्थ व्यवसायानें टीकाकार नव्हे. पण खेळ आपल्याकडून काय करवून घेतो आणि तें करतांना कोणती समजूत मनांत रुजवितो, हा मर्माचा प्रश्न त्यानेंच विचारला. शंभर गुणांच्या कोणत्या रकान्यांत तो बसवावा?

आमच्या घरोघरीं मुलें हे खेळ मागतात आणि पालक आंकडा पाहून होकार किंवा नकार देतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, आंकड्यावर न थांबतां परीक्षण समग्र वाचावें, आणि शक्य तर मुलाशेजारीं बसून तासभर तो खेळ पहावा. टीकाकारांनींहि आपलें मत शब्दांत मांडून त्याचीं कारणें द्यावींत. कारणांशीं वाद घालतां येतो, आंकड्याशीं येत नाहीं.