हुकूम नेमका कुणाला होता?

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर कित्येक दिवस श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात ना वीज होती ना रेंज. रेंज आली तेव्हा तुंबलेले मेसेज धडाधड पडले. फॅमिली ग्रुपवर ५ जूनचा, म्हणजे पर्यावरण दिनाचा, एक फॉरवर्ड होता. छत्रपतींनी साडेतीनशे वर्षांपूर्वी झाडं तोडायला बंदी घातली होती, अभिमान असेल तर शेअर करा, वगैरे. मी तो वाचत होतो तेव्हा मागच्या वाडीत कटर मशीन चालू होती. आडव्या झालेल्या पोफळी, माड आणि एक आंबा कापून झाला होता. व्यापाऱ्याने जाता जाता फणसही मागितला. फणस वादळात पडला नव्हता. मोठे काका हो म्हणाले.

तो मजकूर मुळातून वाचायला मला त्यानंतर दोन वर्षं लागली. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचं, करवीरच्या संभाजीराजांच्या काळातलं. शिवाजी महाराज जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. पंतांनी तरुणपणी महाराजांच्या हाताखाली काम केलेलं, त्यामुळे धोरण तिथलं असणार हे मान्य. फॉरवर्डमध्ये कुणाचं नाव घातलंय यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला खटकलं ते वेगळंच.

हा मजकूर येतो आरमाराच्या प्रकरणात, म्हणजे लाकूड हवं असलेल्या माणसांच्या प्रकरणात. जहाजाला तक्ते लागतात, सोटे लागतात, डोलकाठी लागते. ते कुठून आणायचं? आधी राज्यातल्या जंगलातला साग, तोही हुजूरला लिहून, परवानगी घेऊन. त्याने भागलं नाही तर परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं आहे, पण त्याला हात लावू नका. कारणं दोन दिली आहेत. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, आणि रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. फारच जुनं झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्या. जबरदस्ती करू नका.

आता यात मनाई कुणाला आहे ते बघा. आरमारासाठी लाकूड गोळा करणाऱ्या सरकारी माणसांना. शेतकऱ्याने स्वतःचा आंबा तोडू नये असं इथे कुठेच म्हटलेलं नाही. फॉरवर्डने हुकमाची दिशाच उलटी केली आहे: सरकारला घातलेला लगाम जनतेला केलेला उपदेश होऊन बसतो. आपल्याकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. त्यात मालकालाच स्वतःच्या झाडासाठी सरकारकडे जावं लागतं. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण या कायद्याला आज्ञापत्राचा वारस म्हणायचं असेल, तर कोण कुणाला विचारतंय एवढं तरी तपासावं.

दुसरी गोष्ट, हा निसर्गप्रेमाचा जाहीरनामा नाही. किल्ल्यांच्या प्रकरणात गडाभोवतीची झाडी वाढवायला आणि तिच्यातली काठीही तोडू न द्यायला सांगितलंय. का, तर वेळ आली की त्या झाडीत बंदूकवाले लपवता यावेत. गडावर लावायच्या फळझाडांचाही हिशेब असाच: अडचणीच्या वेळी लाकूड होईल. मला हे वाचून बरं वाटलं. दिवसभर कुठल्या सर्व्हरवर किती लोड जाईल हे मोजणाऱ्या माणसाला साठा मोजणारा माणूस जवळचा वाटतो.

पण हिशेब नीट केला तर युक्तिवादात एक फट दिसते. डोलकाठीजोगा साग व्हायला आंब्यापेक्षा कमी वेळ लागत नाही. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला पहिल्या पावसात फुटवे येतात, हे खरं. (माड-पोफळीचं तसं नसतं, शेंडा गेला की झाड गेलं. 'निसर्ग'नंतर आमच्याकडे हे पोरासोरांनाही कळलं.) पण फुटव्याचा तक्ता व्हायला दोन पिढ्या जातात. मग साग चालतो आणि आंबा का नाही? कारण आंब्यामागे कुणाची तरी मेहनत आहे, आणि साग जंगलात आपोआप वाढलेला मानला जातो. खरा मुद्दा दुसऱ्या कारणातच आहे. जंगलात राहणारा कातकरी, ठाकर या परिच्छेदात येतच नाही. त्याच्याबद्दल कुणाला राजी करायचं नाही, फक्त हुजूरला लिहायचं. पुढे इंग्रजांनी १८७८ चा वनकायदा आणला तेव्हा ही परवानगी थेट लोकांच्या मानेवर बसली. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात कोयते घेऊन गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला, माणसं मेली. दोन्ही राजवटी एका मापाने मोजू नयेत हे मला कळतं. तरी ती रिकामी जागा अमात्यांच्या मजकुरात आहेच.

आणि परमुलखातून आणा, म्हणजे कुऱ्हाड दुसऱ्याच्या रानात चालवा. इंग्रजांनी हेच अफाट प्रमाणावर केलं. त्यांच्याकडे जहाजांसाठी ओक कमी पडू लागला, म्हणून मुंबईच्या वाडियांच्या गोदीत मलबारी सागाची जहाजं बांधली गेली. त्यातलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. मलबारचं रान मात्र इतकं ओसरलं की १८४० च्या दशकात निलंबूरला साग मुद्दाम लावायची वेळ आली.

सगळ्यात जास्त मी अडकलो ते मालकाला राजी करण्याच्या वाक्यापाशी. अमात्यांच्या डोळ्यांसमोर लावणारा आणि मालक एकच माणूस आहे. आमचा फणस आजीने लग्न होऊन आली त्या वर्षी लावला, चैत्र-वैशाखात विहिरीचं पाणी कळशीने आणून घातलं. सातबारा काकांच्या नावावर. व्यापाऱ्याने काकांना राजी केलं, रोख दिले, परवानगीचं मी बघतो म्हणाला. 'झाड म्हातारं झालंय, पुढच्या वादळात घरावर येईल,' हे काकांचं म्हणणं, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. म्हणजे अमात्यांच्या सगळ्या अटी जवळपास पाळल्या गेल्या. आजी मागच्या पडवीत भाताला पाखडत बसली होती, मशीन थांबेपर्यंत तिने सूप खाली ठेवलं नाही. मीही काही बोललो नाही, माझा कॉल चालू होता.

गेल्या वर्षी पर्यावरण दिनाला तोच फॉरवर्ड पुन्हा आला. मी त्याखाली मूळ परिच्छेदाचा अर्थ माझ्या शब्दांत टाइप करून टाकला, राजी करण्याच्या वाक्यासकट. काकांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. आजी त्या ग्रुपवर नाही.