'विकणे आहे' : एक आस्वादक समीक्षा

मराठी समीक्षकांनी महाकाव्यापासून चारोळीपर्यंत सगळं उलथंपालथं केलं, पण 'विकणे आहे' या वाङ्मयप्रकाराकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. वास्तविक इतक्या बारकाईनं वाचलं जाणारं लेखन दुसरं नसेल. कादंबरीत नायिकेचं वय तिसऱ्या प्रकरणात चार वर्षांनी कमी झालं तरी कुणी तक्रार करत नाही. स्कूटरचं मॉडेल एका वर्षानं चुकलं तर वाचक घरी येऊन भांडतो. शिवाय यात लेखकाला शब्दाला पैसे मिळत नाहीत, मोजावे लागतात. हीच अट इतर वाङ्मयप्रकारांना लावली असती तर... असो. माझ्या अधिकाराबद्दल म्हणाल तर मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि तारणाच्या मालाच्या याद्या वाचण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. एवढं वाचन पुष्कळ झालं.

प्रस्तुत कलाकृती माझ्या भाच्याची. तो अमेरिकेत डेन्व्हरला असतो, आणि बर्फावरून घसरण्याचं आपलं सगळं सामान त्यानं विकायला काढलं आहे. तिकडच्या दुकानातल्या फळ्यावर लावायचा कागद त्यानं आधी मला पाठवला. "मामा, तू लिहितोस ना, जरा नजर टाक." नजर टाकायला सांगितलेल्या माणसानं नजरच टाकावी असा आमच्या घराण्याचा रिवाज नाही. मूळ मजकूर इंग्रजीत आहे. उतारे माझ्या मराठीत.

सुरुवात अशी : 'स्कीचं सामान विकणे आहे. कारण, स्थलांतर.'

ही सुरुवात कमालीची पारंपरिक आहे. या वाङ्मयात वस्तू कधीच वाईट नसते, माणसाची बदली होते. आमच्या कॉलनीत 'बदलीमुळे' विकलेले तीन फ्रिज मला माहीत आहेत; तिन्ही मालक अजून तिथंच राहतात, फ्रिज तेवढे नवे आहेत. भाच्याचं स्थलांतर मात्र खरं आहे. पण त्याला कुणी बदलीवर पाठवलेलं नाही. सदतिसाव्या वर्षी कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडून तो ह्यूस्टनला नर्सिंग शिकायला चालला आहे. आधीची पदवी असली की तिकडे हा अभ्यासक्रम साधारण वर्ष-दीड वर्षात उरकतो म्हणे. ताईनं ही बातमी नातेवाइकांना सांगताना 'मेडिकल लाइन' एवढंच सांगितलं. 'स्थलांतर' हा शब्द त्याच जातीचा. खोटं काही नाही, पण खरं दाराआड उभं.

आता, डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल. ह्यूस्टन पन्नासेक फुटांवर, तेही सपाट. 2025 च्या जानेवारीत तिथंही बर्फ पडला खरा, पण तेवढ्या भरवशावर कुणी स्की ठेवून घेत नाही. तेव्हा विकण्याचं कारण पटतं. वेळ पटत नाही. एप्रिल-मेपर्यंत तिकडचा बहुतेक ठिकाणचा हंगाम आटोपतो, आणि हा लेखक मे महिन्यात स्की विकायला बसला आहे. आकाशकंदील दिवाळीनंतर विकावा तसं! ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर भाव नक्की बरा आला असता. पण कॉलेज ऑगस्टात सुरू होतं, आणि कॉलेजला हंगाम कळत नाही.

मजकुराचा मधला भाग आकड्यांचा आहे, आणि तो मला मनापासून आवडला. 'स्की, लांबी 180 सेंटिमीटर, मध्ये रुंदी 98 मिलिमीटर. बाइंडिंग एकदाच बसवलेली.' यातला 'एकदाच' हा शब्द लाख मोलाचा. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणारं यंत्र. ते स्कीला भोकं पाडून, बुटाच्या तळव्याच्या लांबीनुसार बसवतात. दुसऱ्या मालकाचा पाय फारच वेगळा असला की पुन्हा भोकं पाडावी लागतात, आणि दोन-तीन मालक झाले की त्या स्कीची भाड्याच्या खोलीतली भिंत होते. नुसते खिळ्यांचे इतिहास.

या बाइंडिंगवर एक आकडा असतो. जर्मन प्रमाणसंस्थेच्या नावावरून त्याला 'डीन' म्हणतात. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटावा, हे तो ठरवतो. आकडा कमी ठेवला तर बूट धावता धावताच सुटतो. जास्त ठेवला तर सुटतच नाही, पाय मोडतो. तो काढायला वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी लागते, आणि शिवाय आपण सावध, मध्यम की बेदरकार हे माणसानं स्वतःच सांगायचं असतं. आमच्याकडे के.वाय.सी.त ग्राहकाची लो, मीडियम, हाय रिस्क अशी वर्गवारी असते, पण ती आम्ही करतो. ग्राहकाला विचारून केली असती तर एव्हाना बँकेला टाळं लागलं असतं. त्या तक्त्यात पन्नाशीला पोचलेल्या माणसाचा आकडा एक पायरी खाली आणतात. त्याला लवकर सुटू देतात. मला अजून दोन वर्षं आहेत.

हेल्मेटचं कलम मात्र फसलं आहे. 'एकदा पडलो, पण डोक्यावर नाही.' अहो, विचारलं होतं कुणी? जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. या एका वाक्यानं शंका नव्हती तिथं शंका निर्माण झाली. प्रामाणिकपणाला आकार देता आला नाही की असं होतं. हे वाक्य गाळ, असं मी समासात लिहिलं.

आणि मग शेवटून दुसरी ओळ येते : 'बूट, माप 26.5. दोनदाच वापरलेले. 450 डॉलर.'

'दोनदाच वापरलेले' हे या वाङ्मयातलं सगळ्यात झिजलेलं वाक्य. मी तरी त्यावर आजवर विश्वास ठेवलेला नाही. पण भाच्याचं स्वतःचं माप 28.5 आहे, ते वरच्याच ओळीत दिलंय. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे सेंटिमीटरमध्ये पाऊल. मग हे दोन सेंटिमीटरनं लहान पाऊल कुणाचं?

दाजींचं. 2019 च्या डिसेंबरात ताई आणि दाजी तिकडे गेले होते. त्यानं दाजींना लव्हलँडला नेलं, आयसेनहॉवर बोगद्याजवळ, जवळजवळ अकरा हजार फुटांवर. सांगलीचा रिटायर्ड गणिताचा मास्तर, हेल्मेटच्या आत माकडटोपी, नवशिक्यांच्या उतारावर. भाड्याचे बूट चावतात म्हणून यानं नवे घेतले. आतलं अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं करून घेतलं. दाजी दोनदा गेले. दुसऱ्या दिवशी न पडता खाली आले आणि म्हणाले, "उतार बरोबर धरला की झालं."

2023 साली दाजी मिरजेच्या इस्पितळात तेवीस दिवस होते. रजा काढून आलेला भाचा त्यांच्या उशाशी बसून रात्रपाळीच्या सिस्टरांचं काम बघत असे. कॉम्प्युटरची नोकरी सुटायला तिथून सुरुवात झाली, असा माझा अंदाज आहे. त्यानं कधी सांगितलं नाही, कागदावर तर 'स्थलांतर' लिहिलंय.

आता समीक्षकाच्या चष्म्यातून किंमत पाहा. स्की निम्म्याहून कमी भावात. काठ्या तर जवळजवळ फुकट. आणि या बुटांना, जे दुसऱ्याच्या पायाला बेतलेले आहेत, ज्यांना गिऱ्हाईक मिळणं मुळातच कठीण, त्यांना 450 डॉलर. दुकानातून घेतले तेवढेच. घसारा शून्य! आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं होतं की घसारा सगळ्याला लावायचा, जमिनीला सोडून. सगळ्या मजकुरात लेखकाचा हात फक्त इथं थरथरला आहे. ही ओळ विकण्यासाठी लिहिलेलीच नाही. आकृतिबंधात बसत नाही, व्यवहारात तर नाहीच नाही, आणि म्हणूनच मी तिच्याखाली रेघ मारली नाही.

रविवारी त्याचा फोन आला. बाकी दुरुस्त्या त्यानं मान्य केल्या. मी विचारलं, "त्या लहान बुटांचा भाव जरा जास्त वाटत नाही का रे? कुणी घेणार नाही."

"हो ना," तो म्हणाला. "मग काय, न्यावे लागतील ह्यूस्टनला." आणि लगेच, "मामा, ते हेल्मेटचं वाक्य पूर्ण काढू, की 'डोक्यावर नाही' एवढंच ठेवू?"