फॅरड प्रति ग्रॅम : भागाकारात काय लपलंय?

"धातू-ऑक्साइड इलेक्ट्रोडवर काम करायचंय, वाचायला कुठून सुरुवात करू?" हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी ना कुणी अधूनमधून विचारतंच. उत्तर म्हणून मी बहुतेक वेळा एकच लेख सुचवतो: सी. डी. लोखंडे, डी. पी. डुबल आणि ओ-शिम जू यांचा, धातू-ऑक्साइडच्या पातळ थरांपासून बनणाऱ्या सुपरकपॅसिटरवरचा आढावा. 'करंट अप्लाइड फिजिक्स' या नियतकालिकात तो २०११ साली आला. पहिले दोन लेखक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले आणि तिसऱ्या सोलच्या कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीमधल्या.

लेख सुचवतो खरा, पण आता त्याच्यासोबत एक इशाराही द्यावा लागतो. आज तोच इशारा सविस्तर लिहितोय. टीका करायची ती चांगल्या लेखावरच, कारण वाईट लेख कुणी वाचतच नाही. आणि हा लेख वाचून तुम्ही तीन-चार वर्षांचं काम ठरवणार असाल, तर त्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आधीच कळलेलं बरं.

आधी कौतुक

या आढाव्याचा पहिला गुण म्हणजे त्याचा पसारा. रुथेनियम, इरिडियम, मँगनीज, कोबाल्ट, निकेल, कथील, लोह यांची ऑक्साइडं, शिवाय पेरोव्हस्काइट आणि फेराइट, हे सगळं एका ठिकाणी आलंय. दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे थर बनवायला महागडं निर्वात यंत्र लागत नाही, हे त्यातून पटतं. रासायनिक पद्धतींना बीकर, हॉट प्लेट, पीएच मीटर आणि साधे क्षार पुरतात.

उदाहरणार्थ केमिकल बाथ डिपॉझिशन. धातूच्या क्षाराच्या द्रावणात स्टेनलेस स्टीलची पट्टी उभी ठेवायची आणि पीएच व तापमान असं सांभाळायचं की हायड्रॉक्साइड एकदम गाळ होऊन तळाशी न बसता सावकाश पट्टीवर चढेल. सिलार पद्धतीत पट्टी आधी धातूच्या आयनांच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात विसळायची, मग दुसऱ्या अभिकारकात बुडवायची, पुन्हा विसळायची. असे पन्नास-शंभर फेरे झाले की थर दिसू लागतो. यात विसळणं हीच खरी गोम आहे. नीट विसळलं नाही तर थर पट्टीवर वाढण्याऐवजी द्रावणातच गाळ होतो.

कमी तापमानाला बनलेल्या या थरांत पाणी अडकून राहतं आणि स्फटिक नीट वाढलेले नसतात. इतर ठिकाणी हा दोष ठरेल, इथे तो गुण आहे. झेंग, सिगन आणि जाव यांनी १९९५ मध्ये पाणीयुक्त रुथेनियम ऑक्साइडची धारकता ग्रॅममागे ७२० फॅरड असल्याचं दाखवलं. तेच ऑक्साइड जास्त भाजलं तर पाणी निघून जातं, स्फटिक वाढतात आणि धारकता घसरते. म्हणजे गरिबांची पद्धत म्हणून जिच्याकडे नाक मुरडलं जातं, ती या कामाला मुळातच सोयीची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातला विद्यार्थीही हे काम करू शकतो ते यामुळेच.

'म्हणून' या शब्दावर थांबा

आता मुद्द्याचं. लेखाच्या सारांशातला युक्तिवाद असा आहे: पातळ थरांची धारकता ग्रॅममागे ५० ते ११०० फॅरड भरते, ती जाड इलेक्ट्रोडच्या तोडीची आहे, म्हणून सुपरकपॅसिटरच्या तंत्रज्ञानात या थरांची मोठी भूमिका राहील असं दिसतं.

माझा आक्षेप या 'म्हणून'वर आहे. आकडे तोडीचे असतीलही, पण त्यातून पुढचं वाक्य निघत नाही. का, ते एक साधा हिशेब करून बघू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.

एक चौरस सेंटिमीटरवर मँगनीज डायऑक्साइडचा ०.३ मिलिग्रॅम थर आहे. मोजून धारकता आली ६० मिलिफॅरड. भागाकार केला की ग्रॅममागे २०० फॅरड. छान आकडा! आता थर ज्यावर बसलाय ती पट्टी बघा. अर्धा मिलिमीटर जाडीचं तेवढंच स्टील साधारण ४०० मिलिग्रॅम भरतं. तेही धरून भागलं तर ग्रॅममागे ०.१५ फॅरड. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये कार्बनचा लेप चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. त्या कार्बनची धारकता ग्रॅममागे फक्त १०० फॅरड धरली तरी चौरस सेंटिमीटरला १ फॅरड मिळतो, म्हणजे आपल्या थराच्या सोळापट. 'निम्म्या' धारकतेचा कार्बन जिंकला, कारण तो पुरेसा आहे.

"मग थर जाड करू," असं तुम्ही म्हणाल. तिथेच खरी अडचण आहे. मँगनीज डायऑक्साइड विजेचा वाईट वाहक आहे, आणि जाड थरात आयनांनाही आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. तूपाँ, ब्रूस आणि बेलांजे यांनी २००४ मध्ये हे नेमकं तपासलं. प्लॅटिनमवरच्या पातळ थरात भारण-विसर्जनाच्या वेळी मँगनीजची अवस्था तीन आणि चारच्या दरम्यान बदलताना दिसली. जाड इलेक्ट्रोडमध्ये हा बदल दिसलाच नाही, कारण प्रभार साठवण्यात फक्त वरचा अगदी पातळ पापुद्रा भाग घेतो. म्हणजे पातळ थराचा आकडा जाड थराला लावता येत नाही, हे २०११ च्या सात वर्षं आधीच छापून आलं होतं. योगायोग असा की २०११ मध्येच गोगोत्सी आणि सिमों यांनी 'सायन्स'मध्ये इशारा दिला: ऊर्जासाठ्याची साधनं फक्त ग्रॅमच्या हिशेबात तोलू नका, क्षेत्रफळ आणि आकारमानाचाही हिशेब द्या.

वजनाची दुसरी बाजू याहून घरगुती आहे. तुमच्या लॅबमधला तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचत असेल आणि थर ०.३ मिलिग्रॅमचा असेल, तर शेवटचा एक अंक सरकला की ०.३ चे ०.२ होतात आणि २०० फॅरडचे ३०० होतात. पदार्थ तोच, पट्टी तीच, फक्त दुपारी पंखा चालू होता. म्हणून कुठल्याही तक्त्यात १०४७.३ असा दशांशासकट आकडा दिसला, की आधी थराचं वजन किती होतं ते शोधा. सापडलं नाही, तर त्या आकड्यावर काही बांधू नका.

निकेलला फॅरडमध्ये मोजावं का?

दुसरा आक्षेप एककावर आहे. धारकता म्हणजे प्रभार भागिले व्होल्टेज, आणि ती संपूर्ण खिडकीत साधारण स्थिर असली तरच त्या आकड्याला अर्थ. १९७१ मध्ये त्रासात्ती आणि बुझांका यांनी रुथेनियम ऑक्साइडच्या थराचा व्होल्टॅमोग्रॅम दाखवला. तो जवळपास आयताकृती होता, हुबेहूब कपॅसिटरसारखा. आत अभिक्रिया रासायनिक, पण बाहेरून वागणूक कपॅसिटरची. म्हणून त्याला आभासी धारकता म्हणायचं.

आता निकेल हायड्रॉक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तपासा. आयत येतच नाही. दोन ठळक शिखरं येतात, आणि विसर्जनाच्या आलेखावर सपाट पठार. ही बॅटरीची वागणूक आहे. निकेल-कॅडमियम सेलमध्ये हाच पदार्थ शंभर वर्षांहून जास्त काळ काम करतोय. समजा त्याने ग्रॅममागे ४०० कूलोंब दिले आणि खिडकी ०.४ व्होल्टची धरली. भागाकार केला की १००० फॅरड! पण बहुतेक प्रभार एका अरुंद पट्ट्यातच बाहेर पडला असेल, तर खिडकीचं टोक थोडं सरकवून तोच पदार्थ ८०० चाही होतो आणि १३०० चाही. जो आकडा मोजणाऱ्याच्या सोयीने बदलतो, तो पदार्थाचा गुणधर्म नव्हे. इथे सरळ कूलोंब प्रति ग्रॅम लिहावं, नाहीतर मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम.

लेखाला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं, की या गोंधळावर ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी स्पष्ट बोट ठेवलं ते २०१५ मध्ये. २०११ च्या आढाव्यात सगळी ऑक्साइडं एका पंगतीला बसली, यात नवल नाही. पण आज लिहिणाऱ्याला ही सवलत नाही. आजही निकेल आणि कोबाल्टचे हजारी फॅरड छापून येतात, आणि आपण ते 'तुलनेच्या तक्त्यात' मुकाट्याने उतरवून घेतो.

काशीदची बाटली

तिसरा आक्षेप मी पुस्तकातून शिकलो नाही. आमचं घर काशीदचं. मँगनीज डायऑक्साइड उदासीन क्षारद्रावणातही चालतं. ली आणि गुडइनफ यांनी १९९९ मध्ये ते पोटॅशियम क्लोराइडमध्येच तपासलं होतं. मला वाटलं, मग दारातला समुद्र काय वाईट? फुकटचा इलेक्ट्रोलाइट! सुट्टीवरून परतताना किनाऱ्यावरचं पाणी बाटलीत भरलं, लॅबमध्ये गाळलं आणि स्टीलवरचा थर त्यात तपासायला लावला.

पहिले काही शे फेरे धारकता वाढत गेली. मी खूश. 'सक्रियण' हा शब्दही मनात तयार झाला. अशी वाढ दिसली की लेखांत तो सर्रास वापरला जातो. मग पट्टी बाहेर काढली, तर कडेला तपकिरी ठिपके आणि तिथला थर सुटलेला. आलेख पुन्हा पाहिला. फक्त भारणाचा प्रवाह वाढला होता, विसर्जनाचा नाही. मी दोन्हींची सरासरी घेत होतो, म्हणून आकडा चढत होता. माझा 'कपॅसिटर' खरं तर गंजत होता.

लाज वाटली, कारण हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. अलिबाग-मुरूड रस्त्यावर समुद्राकडे तोंड केलेल्या घरांचे स्टीलचे कठडे बघा. 'स्टेनलेस' म्हणून बसवलेले असतात, आणि एक-दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर चहाच्या डागांसारखे डाग पडतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. ते क्रोमियम ऑक्साइडच्या संरक्षक थराला एखाद्या बारीक जागी भेदतं आणि तिथे खड्डा पडतो. ३१६ क्रमांकाच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त तग धरतं, ३०४ लवकर हार मानतं. कठड्याला हे व्हायला महिने लागतात. मी तर पट्टीला पोटेन्शिओस्टॅटने वरच्या विभवाला मुद्दाम ढकलत होतो.

म्हणजे पट्टी तटस्थ नसते. थर आणि इलेक्ट्रोलाइट यांच्याइतकीच ती प्रयोगात भाग घेते. कुठलाही पातळ थराचा लेख वाचताना एक आलेख शोधा: थर नसलेल्या कोऱ्या पट्टीचा, त्याच द्रावणात, त्याच खिडकीत. निकेल फोमवरचं काम असेल तर हा आलेख दुप्पट महत्त्वाचा, कारण अल्कलीमध्ये फोमवर स्वतःचंच निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि त्याचा प्रभार तुमच्या पदार्थाच्या खात्यात जमा होतो.

बाटलीने आणखी एक गोष्ट शिकवली. 'काशीदचं पाणी' हे रसायन नव्हे. पावसाळ्यात ओढे-नद्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्यावरची क्षारता उतरते, मे महिन्यात ती वेगळी असते. महिना, गाळणी, पीएच आणि वाहकता लिहिली नाही, तर माझा प्रयोग दुसऱ्या कुणाला करता येणारच नाही.

मग हा लेख वाचायचा की नाही?

वाचायचाच. पद्धतींसाठी वाचा, कुठलं ऑक्साइड कशाने बनतं याच्या नकाशासाठी वाचा. तक्त्यातले आकडे मात्र वहीत उतरवताना शेजारी चार रकाने जास्तीचे आखा: थराचं वजन, चौरस सेंटिमीटरमागची धारकता, आलेखाचा आकार, आणि कोऱ्या पट्टीचा आलेख दिलाय का. मूळ लेख उघडून ते भरा. बरेच रकाने रिकामे राहतील. जिथे रिकामे राहतात तिथेच तुमच्यासाठी काम शिल्लक आहे.

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, असं काटेकोर लिहिलं तर माझा आकडा इतरांपेक्षा लहान दिसेल. मग छापणार कोण?" भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. तराजूवर २०० आणि ३०० यांतला फरक एका अंकाचा असतो आणि तो अंक कुणी बघत नसतो. पण चार वर्षांनी त्याच पदार्थाचा हाताएवढा सेल बनवायची वेळ आली, तर तो सेल तुमचा छापील आकडा वाचत नाही. मी त्याला एवढंच सांगितलं: आज संध्याकाळी कोरी पट्टी चालवून बघ, आकड्याचं उद्या बोलू.