नववा रस आणि अठरावा प्रकार

आपल्या त्रैमासिकात नाटक, कादंबरी, कविता आणि क्वचित चित्रपट यांची समीक्षा येत असते. व्हिडिओ गेमची येत नाही. तो मुलांचा विषय, त्यात समीक्षकाने काय पाहावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या रचनेत शेकडो काल्पनिक प्राण्यांचे वर्गीकरण होते, त्या वर्गांचे परस्परसंबंध ठरतात आणि पुढे त्यांत दुरुस्तीही केली जाते, ती साहित्यशास्त्राच्या वाचकाला अगदीच परकी वाटू नये. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळात २०१३ मध्ये झालेल्या अशाच एका दुरुस्तीचा येथे विचार करावयाचा आहे.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. खेळाचे बीज त्या छंदात आहे. १९९६ मध्ये जपानात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात १५१ प्राणी आणि १५ प्रकार होते. जल अग्नीला विझवते, अग्नी वनस्पतीला जाळतो, वनस्पती जल शोषून घेते, अशी ही साधी व्यवस्था. पण मानसशक्तीच्या प्राण्यांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही आणि तोल गेला. म्हणून १९९९ मध्ये दोन प्रकार वाढविण्यात आले: पोलाद, आणि जपानी नावाचा अर्थ पाहता ‘दुष्ट’. या दुष्टांवर मानसशक्ती मुळीच चालत नाही. पुढे ड्रॅगन माजले. त्यांचा मारा सौम्य करणारे पोलादाखेरीज कोणी नव्हते. तेव्हा २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या आवृत्त्यांत परी हा अठरावा प्रकार आला. ड्रॅगनचा प्रहार परीवर निष्फळ ठरतो. महाबलाढ्य सर्पासुराने नाजूक परीपुढे हतबल व्हावे, हा न्याय लोककथेचा आहे आणि तो मनाला पटतो.

सतरा प्रकारांत एकाची भर, एवढेच हे काम दिसते. वस्तुतः प्रत्येक प्रकाराचा प्रत्येकावर काय परिणाम, हे सांगणाऱ्या कोष्टकात आधी २८९ घरे होती, ती ३२४ झाली. म्हणजे पस्तीस नवे निर्णय घ्यावे लागले. त्यातून जुन्यांचे भाग्यही बदलले. १९९९ पासून केवळ वनस्पतीवर प्रभावी असलेले विष एकदम मोलाचे ठरले. पोलादाचे भुतांपासून व दुष्टांपासूनचे संरक्षण त्याच वेळी काढून घेण्यात आले. शिवाय १९९६ पासून ‘सामान्य’ गणली गेलेली क्लेफेअरी परी ठरली. प्राणी तोच, नोंद नवी. महसुलाच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. १९९८ मध्ये मुरैनातून श्योपुर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तिथला शेतकरी जागचा हलला नाही. त्याचे मुख्यालय मात्र बदलले.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. भरताने आठ रस सांगितले. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण अशी त्यांची नातीही जोडली. पुढे आनंदवर्धनाने कोणता रस कोणत्या रसाशी विरोधी, याची चर्चा केली. हेही एक कोष्टकच होते. त्यात नवव्या शांत रसाला जागा द्यावी की नाही, यावर दीर्घ वाद झाला आणि अभिनवगुप्ताने शांताची बाजू समर्थपणे मांडली. पुढे ज्ञानेश्वरांनी या उशिरा आलेल्या रसाला शृंगाराच्याही वर बसविले. आपले संतवाङ्मय ज्या रसावर उभे आहे, तो मूळ यादीत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

यावरून नव्या वर्गाची एक कसोटी हाती लागते. जे आधीपासून होते, पण ज्याला नाव नव्हते, ते त्याने उजेडात आणले पाहिजे. आणि जुन्यांची परस्परांशी असलेली नाती बदलली पाहिजेत. परी या कसोटीस उतरते. २०२३ मध्ये आलेला ‘स्टेलर’ प्रकार उतरत नाही. तो प्राण्याच्या अंगी लढाईपुरता येतो आणि जातो. कोणताही प्राणी मूळचा त्या प्रकाराचा नसतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर तो संचारी आहे, स्थायी नव्हे.

तरीही २०१३ ची दुरुस्ती निर्दोष म्हणता येत नाही. परीला वैगुण्ये दोनच, विष आणि पोलाद. तीन प्रकारांचा मारा तिच्यावर सौम्य होतो आणि एकाचा मुळीच होत नाही. उलट, बिचाऱ्या हिमाला चार प्रकारांपासून भय आणि संरक्षण केवळ स्वतःपासून. एवढे मोठे कोष्टक उघडले असताना त्याच्या घरांकडे रचनाकारांनी पाहिले नाही. बलवानाला वेसण घालण्याची तत्परता दिसली, दुर्बलाला हात देण्याची दिसली नाही. २०२२ मध्ये हिमवर्षावात त्याचे संरक्षण वाढविणारा नियम आला खरा, पण तो पाऊस पडेल तेव्हाच्या छत्रीसारखा आहे. घराचे छप्पर तसेच राहिले.

हा विचार आपणा ग्वाल्हेरकरांना दूरचा नसावा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि लष्कर वसले, तेव्हा या भूमीच्या कोष्टकात आपले पूर्वजच नवा प्रकार होते. मूळच्या वस्तीला ‘जुने ग्वाल्हेर’ हे नाव आपल्या येण्यानेच मिळाले. आज आपल्या नातवंडांची हिंदीमिश्रित मराठी आणि तीत होणारे लेखन कोणत्या घरात बसवावे, असा प्रश्न आपल्यापुढे आहे. ते लेखन अशुद्ध ठरवून बाहेर ठेवणे सोपे. कौतुकाने एक वेगळा कोपरा देणे त्याहून सोपे. पण त्याला खरोखर प्रवेश द्यायचा, तर आपल्या जुन्या प्रकारांच्या नोंदीही पुन्हा तपासाव्या लागतील, आणि त्या वेळी हिमाची घरे विसरता कामा नयेत.