हलकेफुलके प्रश्न, जड टक्केवारी

‘प्रेम, करिअर, पैसा, आईवडील: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काय? एकच पर्याय निवडा.’ वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि आता मोबाइलवर अशा प्रश्नावल्या नेहमी दिसतात. फेब्रुवारीत तर त्यांना बहर येतो. त्या भरताना मजा येते, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. तक्रार सुरू होते ती आठवड्याभराने, ‘आजच्या तरुणांपैकी इतक्या टक्क्यांना आईवडील नकोसे’ असा मथळा छापून येतो तेव्हा. वक्तृत्व स्पर्धेत तो आकडा पुरावा म्हणून हजर होतो. मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवावे की नाही, या घरातल्या चर्चेतही तो तिच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. म्हणूनच या गमतीची तपासणी विज्ञान शिक्षकाने करायला हवी.

आपल्या विदर्भातील शेतीचेच उदाहरण घेऊ. तालुक्यात कापूस किती पिकला, हे एकेकाळी नजर अंदाजाने ठरत असे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक निवडीची, म्हणजे जणू चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीची, शिस्त लावली. कोणत्या शेतातील कोणता तुकडा कापून मोजायचा, हे तेथे अंक ठरवतात. कर्मचाऱ्याची मर्जी नव्हे आणि शेतकऱ्याचीही नव्हे. उद्या कुणी म्हणाले, ‘ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपले उत्पादन पोस्टकार्डाने कळवावे, त्यावरून पैसेवारी काढू’, तर गावोगाव ओरड होईल. मग कपाशीला जो न्याय, तो तरुणांच्या मनाला का नको?

स्वेच्छेने आलेली उत्तरे किती फसवतात, याचे अमेरिकेतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अ‍ॅन लँडर्स या सल्लागार स्तंभलेखिकेने वाचकांना विचारले, ‘पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही मुले होऊ द्याल का?’ सुमारे १०,००० उत्तरे आली आणि त्यांतील ७० टक्के ‘नाही’ अशी होती. हा निकाल १९७६ साली गाजला. त्याच वर्षी ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या पालकांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा ९१ टक्के पालक ‘होय’ म्हणाले. ज्यांचे मन दुखावले होते ते पत्र लिहायला बसले. समाधानी पालक मुलांना जेवायला वाढत होते. दहा हजार हा आकडा मोठा खरा, पण चुकीच्या पद्धतीने गोळा केलेली उत्तरे संख्येने वाढली म्हणून बरोबर होत नाहीत.

दुसरा दोष प्रश्नातच असतो. ‘एकच निवडा’ म्हटल्यावर करिअर निवडणारा मुलगा आईवडिलांना नाकारत नाही. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर तो एक उत्तर देईल, आणि वडील रुग्णालयात असतील तेव्हा दुसरे. दोन्ही खरीच. प्रश्नाने लादलेली स्पर्धा आपण त्याच्या मनातली समजतो.

तर मग खासगी आयुष्याबद्दल विचारूच नये काय? तसे नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ पासून राबवलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे पाहा. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. आधी गावे व वस्त्या निवडल्या, मग घरांची यादी करून त्यांतून घरे निवडली. घरातील निर्णय कोण घेते, पती मारहाण करतो का, असे प्रश्नही त्यात आहेत. मारहाणीचा प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला, तोही एकांत मिळाला तरच, विचारला जातो. इतके करूनही काही स्त्रिया गप्प राहणारच. एवढ्या काळजीनंतरही जिथे सावधपणे बोलावे लागते, तिथे पुरवणीतल्या चौकटीने पिढीचा निवाडा करावा, हे हास्यास्पद आहे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ‘सहल किल्ल्यावर न्यावी की अभयारण्यात?’ असा साधा प्रश्न घ्या. मुलांच्या खासगी गोष्टींना हात लावू नका. पहिल्या दिवशी ज्यांना हवे त्यांनीच चिठ्ठी पेटीत टाकावी. दुसऱ्या दिवशी हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढून १५ जणांना विचारावे. शेवटी साऱ्या वर्गाचे मत घेऊन तिन्ही आकडे फळ्यावर मांडा. कधी पेटीचा अंदाजही बरोबर ठरेल, आणि पंधरांचाही चुकेल. फरक हा की पंधरांची चूक साधारण किती असू शकते, हे गणिताने सांगता येते. पेटीची चूक किती, हे पेटीला विचारून कधीच कळत नाही.

यानंतर टक्केवारीचा मथळा वाचला की ‘कुणाला विचारले, कसे निवडले, प्रश्न काय होता?’ एवढे जरी विद्यार्थ्यांनी विचारले, तरी त्या तासिकेचे चीज झाले.