‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि खावटीचा प्रश्न

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वारल्यांच्या उठावाची कथा म्हणून त्याची पुष्कळ चर्चा झाली आहे. प्रस्तुत लेखात तो कर्जव्यवहाराचा पुरावा म्हणून पाहावयाचा आहे.

डहाणू-तलासरीच्या भागात भात, नागली व वरई ही पिके. दसरा-दिवाळीच्या सुमारास धान्य घरात येते आणि पावसाळ्यात, लावणी ऐन भरात असता, कणगी रिती होते. या दिवसांसाठी जमीनदार-सावकार जे धान्य उसने देई, ती खावटी. सुगीला ती दीडपटीने वा दुपटीने फेडावी लागे. लग्नासाठी कर्ज घेणारा तर धनकोचा ‘लग्नगडी’च होई. व्याजाचा दर जाचक होता खरा; परंतु त्याहून घातक गोष्ट निराळी होती. स्वतःच्या वावरात राबण्याच्या दिवसांतच ऋणकोला धनकोच्या शेतावर जावे लागे. त्याची लावणी मागे पडे, पीक उणे येई आणि पुढील वर्षी पुन्हा खावटी घ्यावी लागे. अन्नाच्या तुटीवरील उपायच तुटीचे कारण बनला होता.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. आज ते पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे. वेठ करावयाची नाही व १२ आणे रोख मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर जावयाचे नाही, असा तेथे निर्धार झाला. भयाने दबलेला माणूस ताठ कसा उभा राहिला, हे लेखिकेने स्वानुभवाच्या बळावर सांगितले आहे. ग्रंथाचे खरे सामर्थ्य तेथे आहे. तथापि वेठ संपली तरी रित्या कणगीचा प्रश्न उरतोच. लढ्याच्या कथेकडे पतपुरवठ्याची योजना मागणे रास्त नव्हे. अभ्यासकाला मात्र तेथे थांबता येत नाही.

पुढे शासनाने धनकोची जागा घेतली. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज मिळू लागले. कालांतराने ते थांबले आणि २०२०-२१ या एका वर्षासाठी कुटुंबास ४,००० रुपयांचे अनुदान ठरले. निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपाने. दास्य गेले, हा लाभ अल्प नव्हे. परंतु खावटी केव्हा व किती द्यावयाची, हा निर्णय गावाबाहेरच राहिला. आणि अनुदानाने त्या वर्षाची भूक भागली तरी पुढील वर्षासाठी गावात काही साठत नाही.

या दृष्टीने केंद्र शासनाने १९९६-९७ साली आरंभिलेल्या ग्राम धान्य बँकेची कल्पना अधिक विचारार्ह वाटते. गरजेच्या वेळी धान्य उसने न्यावे, सुगीला परत करावे आणि वाढावा गावाच्याच कोठारात राहावा, हे तिचे सूत्र. परतफेड नागली-वरईतही स्वीकारली, तर ती पिके पेरण्यास कारण उरते. मात्र तिचे वैगुण्यही उघड आहे. पाऊस फसला की सर्वांचेच पीक एकदम बुडते; तेव्हा गावाचे कोठार गावाला भरता येत नाही. म्हणून निर्णय गावाचा आणि संकटकाळचा आधार शासनाचा, अशी वाटणी हवी.

वारली धान्याला कणसरी देवी मानतात. खावटीच्या कोणत्याही योजनेची परीक्षा करताना एकच विचारावे : सुगीला कणसरी शेवटी कोणाच्या घरी जाते? झरीला जमलेल्यांनी आपल्या श्रमावरील हक्क मिळविला. आपल्या कोठारावरील हक्क अद्याप मिळवावयाचा आहे.