डोळ्यांत भरणारे आणि अंगवळणी पडणारे

मोटारींचे शौकीन चार ठिकाणी जमले, मग ते गॅरेजच्या ओट्यावर असोत, लग्नाच्या मांडवाबाहेर असोत की असीरगडाचा घाट उतरल्यावर चहाच्या टपरीवर असोत, की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, हल्लीच्या गाड्यांना रूप उरलेले नाही. सगळ्याच रागावल्यासारख्या दिसतात. दुसरी अशी की, आत बसावे तर बटणे नाहीशी झाली आहेत आणि साधा पंखा कमी करायचा तरी काचेच्या पडद्यावर बोट फिरवावे लागते. या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच दमात केल्या जातात आणि ‘पूर्वीच्या गाड्या त्या गाड्या’ या वाक्याने त्यांची सांगता होते.

या मताचा येथे थोडा विचार करावयाचा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन तक्रारी एका जातीच्या नाहीत. पहिली आवडीनिवडीची आहे, दुसरी औचित्याची आहे. त्यांची सरमिसळ झाल्यामुळे पहिलीला नसलेले वजन मिळते, आणि दुसरीचे असलेले वजन कमी होते.

साहित्यविषयक पत्रिकेत मोटारींचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, रूपाची चिकित्सा कशी करावी हा प्रश्न आपल्या भाषेत ज्यांनी नेटाने मांडला ते बा. सी. मर्ढेकर आपल्या शेजारच्या फैजपुरात जन्मले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते आपल्या परिचयाचे आहेत. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन तत्त्वांनी त्यांनी कलाकृतीच्या घडणीचा विचार केला, आणि सौंदर्याचा निकष उपयुक्ततेच्या निकषापासून वेगळा ठेवावा असा आग्रह धरला. मोटार ही कलाकृती नव्हे, हे मान्य. परंतु निकष वेगळे ठेवण्याची ही शिस्त आपल्या शौकिनांनी उचलली तर त्यांच्या बोलण्याला धार येईल.

प्रथम रूपाकडे पाहू. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की दोन नावे पुढे येतात: फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि अ‍ॅम्बॅसेडर. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्याने रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांतून मृत्युलेख लिहावेत तसे लेख आले. अ‍ॅम्बॅसेडर बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. या दोन्ही गाड्या पाहताना खरोखरच समतोल जाणवतो. गोल दिवे, मधली जाळी, चाकांवरचे उंचवटे, आणि या साऱ्यांचे भान ठेवून मागे जाणारी छपराची रेघ. कोणताही भाग दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही.

मात्र येथेच थोडे थांबले पाहिजे. आपण ज्यांना ‘आपल्या’ गाड्या म्हणतो त्यांतली एक इटालियन होती आणि दुसरी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. शिवाय पद्मिनीच्या मागच्या बाजूला, दिव्यांच्या वर, लहानशा परांसारखे उंचवटे होते, ते कशासाठी? त्यांनी गाडी ना वेगाने धावत होती ना कमी तेल पीत होती. १९५० च्या दशकात अमेरिकेतील गाड्यांना विमानाच्या शेपटीसारखी परे लावण्याची टूम निघाली, तिचा तो दूरचा पडसाद होता. तेव्हा आजच्या गाड्यांवर ‘विनाकारण नखरा’ असा आरोप करणाऱ्याने त्या परांचाही हिशेब दिला पाहिजे. तो नखरा आपल्याला गोड वाटतो, कारण त्या परांवर टेकून आपण लहानपणी छायाचित्र काढून घेतले. ही आठवण मोलाची आहे. पण ती समीक्षा नव्हे.

आजच्या गाड्यांचे रूप विरोधाच्या तत्त्वावर अधिक उभे आहे. बॉनेटच्या कडेला दिव्याची बारीक चीर, खरा दिवा खाली बंपरजवळ. दारांवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या घड्या. समोरून उभी भिंत वाटावी असे तोंड. यातले बरेच काही सकारण आहे. एलईडीमुळे दिवा बोटभर जाडीतही मावतो. पादचाऱ्याला धडक बसली तर त्याचे डोके थेट इंजिनावर आदळू नये म्हणून बॉनेट व इंजिन यांत मोकळी जागा ठेवावी लागते, आणि त्यामुळे गाडीचे तोंड उंचावते. शिवाय गिऱ्हाइकाला उंच, दणकट दिसणारी गाडी हवी आहे. चिकित्सकाने येथे एवढेच विचारावे की हा विरोध शेवटी कोणत्या समतोलात मिटतो का. काही गाड्यांत मिटतो, काहींत नुसताच गोंगाट उरतो. एवढे म्हणून हा वाद आवडीवर सोडून देता येतो. रूप न आवडल्याने कोणाचा हात मोडत नाही.

गाडीच्या आत बसल्यावर मात्र निकष बदलतो. मराठीत ‘डोळ्यांत भरणे’ आणि ‘अंगवळणी पडणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. गाडीचे बाह्यरूप डोळ्यांत भरण्यासाठी असते. आतली कळ, खटका, दांडा ही अंगवळणी पडण्यासाठी असतात. जी गोष्ट अंगवळणी पडली ती करताना डोळा मोकळा राहतो, आणि गाडी चालवणाऱ्याचा डोळा मोकळा राहणे यावर चार माणसांचा जीव अवलंबून असतो.

जुन्या गाड्या या बाबतीत निर्दोष होत्या असे मुळीच नाही. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे आणि नवशिक्याला तो दिवसेंदिवस दाद देत नसे. अ‍ॅम्बॅसेडरचा डिपर पायाने दाबावा लागे. खटके सारखेच दिसत आणि कोणता कशाचा हे कोणीतरी सांगावे लागे. परंतु एकदा शिकल्यावर प्रत्येक वस्तू आपल्या जागी राही. घरातली वीज गेली की अंधारात हात आपोआप कोनाड्यातल्या काडेपेटीकडे जातो, तशातला तो प्रकार. पडद्याची अडचण दुहेरी आहे. एक तर काच सपाट असल्याने बोटाला कडा लागत नाही. कोठे दाबायचे हे पाहावेच लागते. दुसरे असे की, नवी प्रणाली भरली गेली की चित्रांची जागा बदलू शकते. म्हणजे घरातल्या कोणी न सांगता काडेपेटी दुसऱ्या कोनाड्यात ठेवावी, तसे.

ही अडचण नवी आहे असेही नव्हे. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९८६ साली रिव्हिएरा या गाडीत बोटाने चालणारा पडदा बसवला होता. गिऱ्हाइकांना तो रुचला नाही आणि काही वर्षांतच तो काढून टाकण्यात आला. मग तोच पडदा पुन्हा का आला? त्याची कारणे सौंदर्यापेक्षा हिशेबाची अधिक आहेत. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांत मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. म्हणजे पडदा लागणारच. एकदा पडदा बसला की प्रत्येक बटणाचा साचा, तार आणि जोडणी यांचा खर्च वाचवण्याचा मोह होतो. आपल्याकडे २०२३ मध्ये नव्याने सजवलेल्या टाटा नेक्सॉनमध्ये एसीचा फलक बहुतांशी स्पर्शाने चालणारा झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या विजेवरच्या एक्सईव्ही ९ई मध्ये डॅशबोर्डभर ओळीने तीन पडदे आले. दालनात उभे राहून पाहताना ते डोळ्यांत भरतात यात शंका नाही. पण दालनात गाडी उभी असते.

शौकिनांची दुसरी तक्रार केवळ जुन्याची ओढ नाही, याला मोजलेला पुरावा आहे. स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटार-मासिकाने २०२२ साली अकरा नव्या गाड्या आणि एक २००५ सालची व्होल्वो यांची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओ, एसी यांसारखी ठरावीक चार कामे करावयाची होती. जुन्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली व गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत त्यासाठी सुमारे ४५ सेकंद लागले आणि अंतर १३७२ मीटर झाले. समुद्रावरचे उदाहरण याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेची जॉन एस. मकेन ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली व दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत पुढे आलेल्या अनेक कारणांपैकी एक कारण पडद्यावरून चालणाऱ्या नियंत्रणांचा गोंधळ हे होते. २०१९ मध्ये त्या नौदलाने आपल्या विनाशिकांवर वेगाचे दांडे पुन्हा बसवण्याचे ठरवले.

गाड्यांचे कारखानेही आता मागे वळू लागले आहेत. फोक्सवॅगनच्या रचनाप्रमुखांनी २०२५ साली आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांसाठी खरी बटणे यापुढे ठेवू असे जाहीर केले. युरोपातील गाड्यांची सुरक्षितता जोखणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या गुणदानात इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि संकटकाळी मदत मागण्याची कळ यांना हाताला लागणारी स्वतंत्र नियंत्रणे असावीत, याला महत्त्व दिले आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. नकाशा आणि मागचा कॅमेरा पडद्याशिवाय शक्य नाहीत, आणि आमच्या गल्लीबोळांतून गाडी मागे घेताना त्या कॅमेऱ्याचे उपकार कोणी नाकारणार नाही. नव्या पिढीचा हात काचेवरच वाढला आहे, हेही खरे. पण पडदा पाहण्यासाठी असणे आणि तो चालवण्यासाठी असणे यांत अंतर आहे. तरुण बोट चपळ असले तरी त्यालाही डोळ्याची सोबत लागते. आवाजाने आज्ञा द्यावी म्हणावे, तर सहकुटुंब प्रवासात चार माणसे एकाच वेळी बोलत असताना गाडीने कोणाचे ऐकावे?

हे सारे आपल्या रस्त्यांवर आणून पाहावे. बऱ्हाणपूरहून रावेर-सावद्याकडे संध्याकाळी निघालो की केळीने भरलेले ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना पुढे चालत असतात. खंडव्याच्या वाटेवर घाटाचे वळण आणि समोरून येणारा ट्रक एकाच क्षणी दिसतात. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. आपल्या गावच्या यंत्रमागावरील कारागिराला विचारा. धागा तुटला की त्याची नजर कापडावर असते आणि हात न पाहता माग थांबवायच्या दांड्यावर जातो. तो दांडा जर सपाट काचेत दडवला, तर कापड किती वाया जाईल हे तो लगेच सांगेल.

म्हणून शौकिनांना विनंती एवढीच की, त्यांनी आपल्या दोन तक्रारी अलग कराव्यात. ‘पूर्वीसारखे रूप नाही’ या सुरात ‘बटणे नाहीत’ हे मिसळले की विक्रेता हसून म्हणतो, काकांना जुने आवडते. आणि विषय तेथेच मिटतो. सेकंद आणि मीटर यांची भाषा मात्र कारखान्यांना ऐकावी लागली. नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा तिचा रंग, दिवे, तोंड यांबद्दल घरात हवा तेवढा वाद घालावा. त्यानंतर चालकाच्या आसनावर बसून डोळे मिटावेत आणि वायपर, धोक्याचे दिवे, काचेवरचे धुके घालवणारा पंखा हे तिन्ही हाताने शोधून पाहावेत. सापडले नाहीत, तर आपली नापसंती विक्रेत्याला त्या तीन वस्तूंची नावे घेऊन सांगावी.